चौदा डोकी आणि दोन नंबर

“सरका बे तिकडं! मांडीवर घ्या एकमेकाले! पोरीचा पेपर हाये, पेपर!”

काळीपिवळी जीपच्या मागच्या शिडीवर एका पायाने लोंबकळत बाबा ओरडत होते. एका हाताने शिडी धरलेली, दुसऱ्या हाताने आतल्या माणसांची डोकी मोजणं चाललेलं. “बारा... तेरा... चौदा. हाव, बरोबर. दाबा चाचा!” ड्रायव्हर चाचांनी अॅक्सिलरेटर दाबला. जीपने फाट्यावरच्या बाभळीएवढा उंच धूर सोडला आणि ती चिखलीकडे निघाली. वळणापलीकडे गेल्यावरही आवाज येतच होता, “पोरीचा पेपर हाये!”

ज्या पोरीचा पेपर होता ती, म्हणजे मी, फाट्यावर चहाच्या टपरीशेजारी उभी होते. बगलेत पॅड, मुठीत दोन पेन, गळ्यात पाण्याची बाटली. वय वर्षं अकरा.

बाबा मला विसरून गेले, हे ज्यांनी बाबांना पाहिलं आहे त्यांना शपथेवर सांगितलं तरी पटत नाही. म्हणून आधी बाबा सांगते, जीपचं नंतर बघू. जीप काही फार लांब जाणार नव्हती.

बाबांना बसलेलं मी पाहिलंच नाही. जेवण उभ्याने, चहा चालता चालता, दाढी करायची तर न्हावी त्यांच्याभोवती फिरायचा. त्यांच्या लग्नाच्या फोटोत आई पाटावर आहे आणि बाबांच्या जागी नुसता पाट आहे. नवरदेव मागे मांडवाचा बांबू सरळ करतो आहे. गाव त्यांना ‘उभेभाऊ’ म्हणायचं. अमडापूरच्या बाजारात ते भाजी विकायचे, तीही उभ्यानेच, आणि त्यामुळे गिऱ्हाईकही घाईघाईने घ्यायचं. सगळ्यांत आधी आमचीच पाटी रिकामी व्हायची. मागच्या वर्षी गेले, तेही मळ्यात पाण्याचा पाइप हातात धरून, उभ्यानेच. डॉक्टर म्हणाले, हृदय. आई म्हणाली, “घडीभर बसले असते त माणूस अजून दहा वर्सं चालला असता.”

कुणी विचारलंच, भाऊ, बसत काऊन नाही, तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: “मी बसलो की माह्या पोरी बसल्या.” त्यांचं स्वतःचं शिक्षण चौथीत बसलं होतं. त्यांच्या बापाने एक दिवस सांगितलं, उद्यापासून मळ्यात ये, आणि ते आले. त्या दिवशी शाळेतल्या कुणीही घरी येऊन विचारलं नाही, पोरगा कुठे आहे. हे बाबा कधी रडून सांगत नसत, तक्रारही करत नसत. फक्त आम्हा तिघी बहिणींच्या शाळेच्या मागे असे लागले, की शाळेलाच त्यांचा धाक वाटावा.

आमची शाळा मळ्यापासून हाकेच्या अंतरावर. बाबा दिवसातून चार वेळा तिथे यायचे आणि प्रत्येक वेळी हातात काहीतरी निमित्त असायचं. सकाळी खिचडीला कढीपत्ता. अकरा वाजता खिचडीला कोथिंबीर. दुपारी, “कढीपत्ता पुरला का पाहाले आलो.” मग वर्गाच्या खिडकीत त्यांचं डोकं उगवायचं. मॅडम फळ्यावर भागाकार मांडायच्या आणि मागून खिडकी म्हणायची, “मॅडम, वरून दोन घेतले नाई तुम्ही.” एकदा मॅडमचा संयम सुटला. “भाऊ, आत येऊन बसा ना एकदाचे!” बाबा आत आले, चप्पल दाराशी काढली आणि मागच्या भिंतीला पाठ लावून म्हणाले, “बसत नाई मॅडम. उभ्यानंच आयकतो.” त्यानंतर पंधरा दिवस ते भागाकार शिकले. सोळाव्या दिवशी मॅडमनीच त्यांना हजेरी घ्यायला लावली.

पालकसभेला आमच्या गल्लीतून एकटे बाबाच जायचे. सोयाबीन सोंगायला आलेलं असताना कोण जाणार? बाबा जायचे, अकरा घरांच्या पोरांची चौकशी करायचे आणि परत येताना एकेका दारासमोर उभं राहून निकाल जाहीर करायचे. “काव वहिनी, तुह्या पोराचं गनित चांगलं हाये, पन अक्षर असं हाये का मॅडमले चष्मा लागला.” दुसऱ्या दारात, “तुह्या पोरीनं भाषन केलं म्हने. तुह्यावर गेली.” गल्लीतली पोरं पालकसभेच्या दिवशी आजारी पडायची.

अभ्यास मळ्यात. भेंडीला, वांग्याला पाणी देताना एका वाफ्याला एक पाढा असा हिशेब होता. पाढा संपला की बाबा पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचे. अडकला की पाणी तिथेच. बाराचा पाढा, तेराचा पाढा सुरळीत पार पडायचा. सतराच्या पाढ्याला मी नेहमी ‘सतरा साते’ला थांबायचे आणि वाफा भरायला लागायचा. भरता भरता फुटायचा. त्या वर्षी वांग्यात इतकं पाणी साचलं, की कुठून तरी दोन बगळे येऊन राहिले आणि जाताना पिल्लं घेऊन गेले. पण सतराचा पाढा आजही मला झोपेतून उठवून विचारा.

आणि मोजणी. ती सांगितल्याशिवाय जीपचं कळणार नाही. बाबा आम्हाला मोजायचे. नाव घेऊन नाही. डोक्यावर बोटाच्या पेराने ठोकून. “एक,” थोरली. “दोन,” मी. “तीन,” धाकटी. “हाव, बरोबर.” जत्रेत, एसटीत चढताना, उतरताना, सकाळी शाळेत जाताना, संध्याकाळी दिवा लावताना. घरात तिघी समोर बसलेल्या असल्या तरीही. मला तर नावाने क्वचितच हाक मारायचे. ‘ए दोन नंबर’ हेच नाव. ज्या माणसाने अकरा वर्षांत एकदाही मोजणी चुकवली नाही, तो माणूस मला फाट्यावर सोडून गेला.

परीक्षा होती निवासी शाळेची. पाचवीत असताना आयुष्यात एकदाच देता येते. पास झालात तर सहावीपासून बारावीपर्यंत तिथेच राहायचं, तिथेच खायचं, तिथेच शिकायचं. मला बसवायची कल्पना शाळेतल्या मॅडमची. फॉर्म बाबांनी आणला, आणि त्या दिवसापासून त्यांच्या पायाखाली कुणीतरी निखारे ठेवले. सकाळी चावडीपाशी ऐकू यायचं, “माही दोन नंबर हॉस्टेलात जाऊन राह्यली, सायबीन होते!” संध्याकाळी तोच माणूस वाफ्यात पाणी वळवता वळवता माझ्याकडे न बघता विचारायचा, “तिथं भेंडी देत असतीन का वं?”

“देत असतील.”

“आपल्यासारखी नसन. शिळी असन.” मग फावड्याने माती ओढत, “नापास झाली त काई फरक नाई पडत, समजलं?” आणि वाफ्याचं तोंड बांधून होतं न होतं तोच, “नापास काऊन होशीन? सतरा साते?”

“एकशे एकोणीस.”

“मंग!”

असं रोज. पेपर जसा जवळ येत गेला तशी त्यांची ये-जा वाढत गेली, इतकी की मळ्यातून घरापर्यंत आधी नसलेली पायवाट पडली. आई म्हणायची, “पेपर पोरीचा हाये का तुमचा?” मी मात्र कुणालाच काही सांगितलं नव्हतं. मला जायचं नव्हतं. मॅडमना वाईट वाटेल, बाबांची चावडीवर फजिती होईल, म्हणून गप्प होते.

तर तो शनिवार. काळीपिवळी भरल्याशिवाय हलत नाही, हा आमच्याकडचा कायदा आहे. तो मोडल्याचं कुणी ऐकलेलं नाही. साडेदहाच्या आत चिखलीच्या केंद्रावर पोचायचं होतं, आठ वाजून गेले होते आणि जीपमध्ये माणसं तीन. बाबा मला म्हणाले, “इथंच राह्य. मी जीप भरून आनतो,” आणि गावात धावत सुटले. पुढचा अर्धा तास ते खोटं बोलले, आणि इतकं सुंदर बोलले, की मी आजही गोष्ट सांगताना त्यांचाच आधार घेते. शिंप्याला सांगितलं, चिखलीत नवीन बटनं आली आहेत, दुपारी संपतील. दाढ दुखणाऱ्या म्हाताऱ्याला सांगितलं, आज तिथे दाढ न दुखवता काढतात. शांताकाकूंना सांगितलं, चिखलीची बहीण त्यांची आठवण काढून राह्यली. बहिणीला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. राहिलेल्या माणसांना का आणलं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण जीप भरली. बाबांनी तीनदा डोकी मोजली. चौदा. कायदा पूर्ण झाला आणि ते ओरडत निघून गेले.

आता माझा भाग. जीप माझ्या समोरूनच गेली. हात पुढे केला असता तर पत्र्याला लागला असता. माझा आवाज असा होता, की मी मळ्यातून हाक मारली तर नदीपलीकडच्या म्हशी उभ्या राहायच्या. एक हाक पुरली असती. मी तोंड मिटून उभी राहिले.

टपरीवाल्याने विचारलं, “कावं, तू नाई गेली?”

“नाई.”

“मंग बिस्किट खाते का?”

खाल्लं. दोन खाल्ली.

तिकडे दीड-दोन किलोमीटरवर शिंप्याने सहज विचारलं, “भाऊ, पेपर कुठी हाये पोरीचा?” सांगायला बाबांनी तोंड उघडलं, आत पाहिलं आणि चालत्या जीपवरून उडी मारली. जीप ऐंशीच्या वेगात होती असं बाबा सांगायचे. ती जीप उतारावरही तिशीच्या वर कधी गेली नाही. चाचांना गाडी वळवायची भीती, कारण बंद पडली तर ढकलायला चौदा माणसांना उतरवावं लागलं असतं आणि उतरलेली परत चढली नसती. म्हणून जीप उलटी आली. अख्खा रस्ता मागे मागे. आधी वळणावर बाबा दिसले, धोतराचा सोगा दातांत धरून धावणारे, आणि त्यांच्या मागे पाठ करून येणारी चौदा डोक्यांची जीप.

बाबा माझ्यापर्यंत आले. मला वाटलं, आता कानफटात बसणार. त्यांनी बोटाचं पेर माझ्या डोक्यावर टेकवलं. “दोन,” ते म्हणाले. मग सोग्याने तोंड पुसलं.

मग नवा घोळ. मला जागाच नव्हती. कुणी उतरायला तयार नाही, कारण एकेकाला बाबांनीच चिखलीचं वेड लावलेलं. “भाऊ, मी उतरलो अन बटनं संपले त?” शेवटी मी दाढवाल्या आजोबांच्या मांडीवर बसून गेले. प्रत्येक खड्ड्याला ते कळवळत होते आणि प्रत्येक कळवळण्याला शिडीवरून बाबा विचारत होते, “सतरा साते?” उत्तर अख्खी जीप देत होती.

केंद्रावर फाटक अर्धं लागलेलं. शिपाई म्हणाला, “उशीर झाला. पालक कोण आहे हिचे?”

“आमी!” चौदा माणसं म्हणाली. बाबा पंधरावे.

शिपायाने एकदा त्या जमावाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि फाटक उघडलं.

मी पास झाले. हॉस्टेलवर सोडायला बाबा आले, तिथली भेंडी बोटाने मोडून पाहिली, “बरी हाये,” म्हणाले आणि गेटातून निघाले ते मागे न बघता. सात वर्षं मी तिथे राहिले. सुट्टीत घरी आले की दिसायचं, दाराच्या चौकटीला एक खड्डा पडतो आहे. दरवेळी थोडा जास्त. मला वाटलं, वाळवी. धाकटीने सांगितलं, वाळवी नाही, बाबा. रोज संध्याकाळी थोरलीच्या डोक्यावर “एक”, चौकटीवर “दोन”, तिच्या डोक्यावर “तीन”. हाव, बरोबर. सातव्या वर्षी त्या खड्ड्यात आई हळदीकुंकवाची डबी ठेवत होती. आता ही अतिशयोक्ती आहे असं कुणाला वाटलं, तर घर आहे तिथेच आहे, जाऊन बघा.

आता मी बुलढाण्यात असते. माझा पोरगा यंदा त्याच निवासी शाळेत सहावीला गेला, आणि मी स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या मारते. पोळी उभ्यानेच खाते. नवरा म्हणतो, बस ना घडीभर. बसवत नाही. शेजारच्या बाई सांगत होत्या, मी फोनवर बोलता बोलता फ्रिजच्या दारावर बोटाने ठोकते. असेल.

बाबा जायच्या आधीची शेवटची दिवाळी. माझ्या घरी आले होते, फ्रिजला पाठ लावून उभे होते, हातात चहा. पोरगा तेव्हा चौथीत होता. पुढच्या वर्षी त्याचा फॉर्म भरायचा की नाही, हे माझ्या डोक्यात तेव्हापासूनच घोळत होतं. दिवसा ‘भरायचाच’ आणि संध्याकाळी ‘कशाला’. पोरगा खाली खेळत होता. त्याचा आवाज आला की बाबा आणि मी दोघंही एकदमच गॅलरीकडे बघत होतो. तेव्हा मी इतक्या वर्षांचं ते एकदाचं विचारलं.

“बाबा, खरं सांगा. चौदा डोकी तीनदा मोजली तुम्ही. मले खरंच विसरले होते, का मुद्दाम ठेवून गेले?”

बाबांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, कप विसळला, पालथा ठेवला.

“तू कुठं हाक मारली?” ते म्हणाले.