फोटोकाकू

भर मे महिन्यात कूलर बंद करून पाहुण्यांना घाम गाळत बसवणारी बाई मी नागपुरात एकच पाहिली. आमच्या शेजारच्या फोटोकाकू. "ओल्या हवेनं कागद वाकडा होते. थांब जरा वं, फोटो सुकून राहिला," असं म्हणत त्या हातपंख्यानं आम्हाला वारा घालायच्या.

त्यांच्या मुलाची मिहानमधल्या कंपनीतून पुण्याला बदली झाली, तेव्हा त्यानं त्यांना शाईच्या टाक्यांचा प्रिंटर घेऊन दिला होता. तेव्हापासून घरी कुणीही आलं की काकूंचा हात आधी येणाऱ्याच्या मोबाईलकडे जायचा. "हजार फोटो आहेत यात. भिंतीवर एक तरी आहे का?" मग बारसं, सहल, जे सापडेल ते छापून हातात. तेही कडेनंच धरायचं; मधे बोट लागलेलं त्यांना खपत नसे.

बाबा गेले तेव्हा हार घालायला फोटो त्यांनीच छापून दिला. पण गुलाबी शाई कुठेतरी अडली होती आणि चेहरा हिरवट आला होता. काकूंना ते दिसलंच नाही. "भाऊजी कसे हसून राहिले पाह्य!" त्यांचा आनंद पाहून मी म्हटलं, "छान आलाय." आईनंही मान हलवली.

चार महिन्यांनी धंतोलीतल्या दवाखान्यात काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यानंतर पहिल्यांदा आमच्याकडे आल्या आणि बाबांच्या फोटोसमोर थबकल्या.

"काहून सांगितलं नाही वं मले?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, काकू."

"आन् भाऊजीचं काय? लोकं हाच चेहरा पाहून गेले त्याईचा."

चहा न घेताच त्या परतल्या. दोन दिवस प्रिंटर साफ करत बसल्या. तिसऱ्या दिवशी नवा फोटो घेऊन आल्या. त्यात बाबांचा तांबूस गव्हाळ रंग होता. आईनं काचेवर हात ठेवला. "आत्ता आले हे," एवढंच म्हणाली. मग काकू गल्लीतल्या नऊ घरी जाऊन जुने फोटो मागून नवे देऊन आल्या. त्या नऊ घरांनीही माझ्यासारखंच 'छान' म्हटलं होतं.

पुढच्या वर्षी पुण्याला मुलाकडे जाताना त्यांनी प्रिंटर माझ्या हवाली केला. "रंग बिघडला तर फोन कर वं." मी करायचे. कधी निळा जास्त, कधी पिवळ्याच्या ओळी तुटक. त्या फोनवरूनच इलाज सांगायच्या.

मागच्या दिवाळीआधी असाच फोन लावला, तो त्यांच्या मुलानं उचलला. "आई काल गेली," तो म्हणाला. "तेरवी नागपूरलाच करतोय. तिचा एक फोटो पाठवतो, चांगला छापून ठेवाल?"

मी तो फोटो सहा वेळा छापला. पाच फाडून टाकले.