सहा सेंटीमीटरची वाढ

"तू निसतं लिहून घे. स्प्रिंगले हात लावू नको. तुमच्या लोकायच्या हातानं सामान बिघडते." फिजिक्सचे सर म्हणाले. प्रॅक्टिकलच्या सगळ्या बॅचसमोर. कुणी तरी हसलं.

तेलंगणातल्या भैंशाच्या कॉलेजात मी इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला होते. टेबलाशी आम्ही दोघी, वैशाली आणि मी. तिच्या वडिलांची जिनिंग. तिथं माझी आई कापूस निवडायची. वजनं वैशालीनं टांगायची, आकडे मी लिहायचे. वर्षभर हेच. खोटं कशाला बोलू, जळायचे मी. तिच्या घड्याळावर, ट्यूशनवर. आणि सगळ्यांत जास्त त्या स्प्रिंगवर फिरणाऱ्या तिच्या बोटांवर.

त्या दिवशी काढायचं होतं, स्प्रिंग सहा सेंटीमीटर ताणायला किती बल लागेल. रिकामी स्प्रिंग दहा सेंटीमीटर. दोनशे ग्रॅम टांगलं, चौदा झाली. म्हणजे वाढ चार. दोनशेला वैशालीनं चौदानं भागलं, मी चारनं; मग सहानं गुणलं. माझं बल तीनशे ग्रॅमच्या वजनाएवढं आलं. तिचं शंभराच्याही खाली. दोनशेनं चारच वाढते, मग सहाला शंभर कसे पुरतील? शेंबड्या पोरालाही कळेल.

सरांनी तिच्या प्रॅक्टिकलच्या वहीवर 'गुड' लिहिलं. माझ्या पानावर लाल रेघ ओढली.

"तिचं पाहून उतरव. मंग सही करतो."

सही नसली तर परीक्षेला बसू देत नसत. मी पेन उचललंही होतं. मग ठेवून दिलं. वैशालीला बाजूला सारलं, तीनशे ग्रॅम टांगलं. स्प्रिंग वरखाली झाली, थांबली. सोळावर.

"काऊन हात लावला?" सर ओरडले.

"सर, तुमी मोजून पाहा. सहा वाढली."

त्यांनी पट्टीकडं पाहिलंसुद्धा नाही. "पयले माफी माग."

वैशाली मान खाली घालून उभी. तिला चूक कळली होती. तरी तिनं 'गुड'चं पान मिटून घेतलं. तेव्हाही मला तिचा हेवाच वाटला. चुकून तिला 'गुड' मिळतं, बरोबर असून मी माफी मागायची!

"माफी मागत नाही सर. चुकीचं उतरवत बी नाही."

तेच पान, स्प्रिंग आणि वजनं घेऊन प्राचार्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिले. शिपाई म्हणाला, साहेब कामात आहेत. असू देत. त्यांच्या टेबलावर मी स्प्रिंग टांगणार, माझ्या हातानं. सही झाल्याशिवाय इथून हलणार नाही.