वर गेलेला हात

दुखण्यावरच्या मलमाचा वास आला की मला भाईंदरच्या कॉलेजातला तो वर्ग आठवतो. विद्यापीठातून एक मॅडम वर्गातलं वातावरण मोजायला आल्या होत्या. "इथे मोकळेपणाने बोलता येतं, असं वाटणाऱ्यांनी हात वर करा," म्हणाल्या आणि फळ्यावर रकाने आखायला वळल्या. मी जवळच्या राई गावचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. माझ्या तोंडून 'न्हाय' निघालं की अख्खा वर्ग नाक दाबून हसायचा. मी हात खालीच ठेवला. "हाथ ऊपर कर, मच्छी," मागच्या बाकावरचा गुरगुरला आणि माझं मनगट धरून त्याने हात पाठीमागून वर पिळला. मी ओरडू नये म्हणून शेजारच्याने माझं तोंड बाकावर दाबलं. ओठ फुटला, लाकडाला रक्त लागलं, खांद्यात कट्कन आवाज झाला. मॅडम वळल्या, तेव्हा पुढच्या हातांच्या गर्दीआडून त्यांना माझा फक्त हात दिसला. "अरे वा, सगळेच!" त्या खूश झाल्या. तो हात अजूनही खांद्याच्या वर जात नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर करायला सांगतात, तेव्हा मी सरळ उभा राहतो आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडतो, "न्हाय!"