क्रेन गेली, भाऊजी राहिले

पास्कू एरवी गल्लीच्या तोंडापासूनच हाका मारत येतो. त्या सकाळी तो हाक न मारता आला, दारात उभा राहिला आणि टोपी काढून हातात घेतली. मी मेथी निवडत होते. “बाय, गणपत ऱ्हायला न्हाय,” एवढंच म्हणाला. गणपत म्हणजे माझे भाऊजी, सुमनआक्काचे यजमान. आणि पास्कू म्हणजे उत्तनचा, गोदीत त्यांच्याबरोबर फिटर असलेला त्यांचा दोस्त. आदल्या रविवारीच मी माहेरच्या चाळीत जाऊन भाऊजींना भेटून आले होते. त्यांना दम लागत होता, पण बोलणं-चालणं नेहमीसारखं होतं. मी निघाले तेव्हा जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत आले आणि उजवा हात पँटच्या खिशात घालून उभे राहिले. निरोप देताना माणूस हात हलवतो. भाऊजी हलवत नसत. आठ-नऊ वर्षं झाली, तो हात खिशातून वर येतच नसे. का, ते मला ठाऊक होतं, अख्ख्या नवघरला ठाऊक होतं, आणि त्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नाही. त्यांना जाऊन आता महिना होईल. लोक आठवण येते म्हणून लिहितात. मी लाज वाटते म्हणून लिहायला बसलेय.

भाईंदरच्या खाडीवर, रेल्वेच्या पुलापलीकडे समुद्राच्या अंगाला, तेव्हा जहाजं दुरुस्त करणारी एक गोदी होती आणि त्या गोदीत एक अजस्र क्रेन. मिठागरांच्या सपाटीत दुसरं काही उंच नव्हतंच, त्यामुळे ती नवघरच्या आमच्या चाळीच्या गॅलरीतूनही दिसायची. आक्काच्या लग्नाच्या बैठकीत आबांनी विचारलं, मुलगा काय करतो? मध्यस्थाने तोंडाने उत्तर दिलंच नाही, आबांना गॅलरीत नेऊन क्रेन दाखवली. रत्नागिरीहून आलेल्या बिनघरच्या मुलाला आबांनी मुलगी दिली ती क्रेनकडे बघून. तसं भाऊजी काही ती चालवत नव्हते. ते खलाशी. वर बसलेल्या ड्रायव्हरला खालचं दिसत नाही, म्हणून जमिनीवर उभं राहून त्याला हाताने खुणा करायच्या. बोट वर करून गोल फिरवलं की उचल, खाली करून फिरवलं की उतरव, मूठ वळली की जागच्या जागी थांब. घरातही तोच कारभार. आक्का चहा ओतायला लागली की पुरे म्हणायचं नाही, मूठ दाखवायची. मी मेव्हणी, मी थोडीच सोडते? “मंगलाष्टकं लांबली तेव्हा भटजींना मूठ दाखवलीत म्हणे,” असं मी चार पाहुण्यांत म्हणायचे. भाऊजी लाजायचे, गालातल्या गालात हसायचे आणि मग मलाच मूठ दाखवायचे. दरवर्षी खंडेनवमीला क्रेनच्या हुकाला झेंडूची माळ घालायचा मान त्यांचा होता. हूक खाली यायचा तो त्यांच्याच खुणेवर, आणि माळ घालून झाली की वर जायचा तोही त्यांच्याच खुणेवर.

पुढे खाडी गाळाने भरत चालली, जहाजं येईनाशी झाली. मालकांनी गोदी बंद करायचं ठरवलं आणि क्रेन दक्षिणेकडच्या कुठल्याशा बंदराला विकली. पावसाळा सरल्यावर ती सोडवायला बाहेरगावची टोळी आली. गंजलेल्या बोल्टांवर रॉकेल ओतून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी ते सोडवायचे, प्रत्येक तुकड्यावर पांढऱ्या रंगाने आकडा घालायचा, म्हणजे तिकडे नेऊन पुन्हा जोडता यावी. संध्याकाळी गॅलरीत यावं तर ती कालच्यापेक्षा बुटकी झालेली. आबा तर तिकडे पाठ करून बसायला लागले. तुकडे भरलेलं बार्ज, म्हणजे ते सपाट गलबत, बाहेर काढायला कोजागिरीचं उधाण हवं होतं, नाहीतर ते गाळात रुतलं असतं. म्हणून मॅनेजरने खंडेनवमीलाही काम चालू ठेवायचं फर्मान काढलं. त्या दिवशी हत्यार वापरायचं नसतं, पुजायचं असतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यात गोदीतल्या माणसांचं पुढे काय, याला मालकांकडून उत्तर नव्हतं. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की नवमीला कुणीही जायचं नाही. खुणा देणारा नसला की काम आपोआप अडेल. भाऊजींनीही मान डोलावली. आणि नवमीच्या सकाळी ते गेले. मॅनेजरने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की क्रेनबरोबर तिची सवय असलेला एक माणूस तिकडे लागेल, आणि तो तूच. क्रेनचा लांब दांडा त्या दिवशी त्यांच्या हाताच्या खुणेवर जमिनीवर आडवा झाला. हुकाला माळ घातली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायला ते घरोघर गेले. लोकांनी सोनं घेतलं, कपाळाला लावलं, पण बसा कुणी म्हणालं नाही. तरी माणूस घरदार सोडून लांब निघाला म्हटल्यावर नवघर राग धरून बसत नाही. कोजागिरीला सकाळी आक्काने त्यांच्या हातावर दही घातलं, मी ओवाळलं, आईने लाडवांचा डबा ट्रंकेत कोंबला. आधी त्यांनी जायचं, बिऱ्हाड लागलं की आक्काला न्यायचं, असा बेत होता. भाऊजी दोनदा मला म्हणाले, एवढं नको गं कुसुम. पण ऐकतंय कोण? पास्कू उत्तनहून आपला लग्नात वाजवायचा बँड घेऊन आला. नवमीला घरी बसलेले खलाशीही झाडून आले. केबिन रोडवरून, फाटक ओलांडून आमची वरात खाडीवर निघाली. नवी पँट, नवा शर्ट, गळ्यात हार आणि डोक्यावर ट्रंक घेतलेला आमचा शेजारी मागून. मी म्हटलं, “भाऊजी, तिकडची भाषा आली नाही तरी बिघडत नाही, तुमचा हात आहे ना!” ते मोकळेपणी हसले. मी त्यांना चिडवलं ते त्या दिवशी शेवटचं.

बार्जवर क्रेन तुकड्यातुकड्यांनी निजवलेली होती. भाऊजींनी ट्रंक स्वतः घेतली, फळीवरून वर चढले आणि तिथल्या मुकादमाला मॅनेजरचा निरोप सांगितला. मॅनेजर त्या दिवशी आलाच नव्हता. मुकादमाने त्यांच्या हाराकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं, काठावरच्या आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता तो, जमेल तेवढ्या हळू आवाजात बोलला. मी अगदी फळीजवळ होते म्हणून मला ऐकू आलं. “भाई, हमने क्रेन लिया है. आदमी का किसीने बोला नहीं.” भाऊजींनी ट्रंक खाली ठेवली. मग आमच्याकडे वळून त्यांनी उजवा हात वर केला आणि मूठ वळली. थांबा. पण मागच्या बँडवाल्यांना वाटलं, निरोप घेताहेत. त्यांनी आणखी जोरात वाजवायला घेतलं, पोरांनी टाळ्या पिटल्या. त्या गजरात भाऊजी ट्रंक घेऊन फळीवरून खाली उतरले. पास्कूने कॉर्नेट तोंडापासून काढलं तरी ढोलवाला आपला बडवतच होता... उधाण कुणासाठी थांबत नाही. बार्ज निघून गेलं. आम्ही सगळे त्याच रस्त्याने परत आलो, हार कुठे टाकावा हे भाऊजींना सुचेना, म्हणून तो घरापर्यंत गळ्यातच होता.

त्या संध्याकाळी चाळीने कोजागिरीचं दूध आटवलं नाही. आणि तेव्हापासून आम्ही सगळ्यांनी एक शहाणपणा केला, भाऊजी कधी निघालेच नव्हते असं वागायला लागलो. त्यांची लाज राखायची म्हणून. खलाशांनी नवमीचा विषय काढला नाही, आईने लाडवांचा डबा गुपचूप रिकामा केला, आणि मी, जिची जीभ कधी जागेवर नसायची ती मी, त्यांच्याशी हवापाण्याचं बोलू लागले. ते स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात लागले. पगार आणत, भाजी आणत, आणि खाडीकडे पाऊल टाकत नसत. हात खिशात गेला तो गेला. चहा पुरे झाला तर कप बाजूला सरकवत. मला त्यांचा रागही यायचा. चोरी थोडीच केली होती? एका माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि त्यासाठी आपल्या माणसांचा शब्द मोडला, एवढंच ना? पण हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही. आमच्यात ज्याला आपला मानतो त्याला आम्ही चिडवतो, परक्याशी अदबीने वागतो. आम्ही त्यांच्याशी अदबीने वागत राहिलो.

ते गेले त्या दिवशी त्यांना खाली न्यायचं तर चाळीचा जिना अरुंद, मधल्या वळणावर तिरडी अडली. वरचे म्हणतात पुढे घ्या, खालचे म्हणतात मागे. तेवढ्यात पास्कू खालच्या पायरीवर उभा राहिला आणि त्याने हात वर केला. खांदा देणारे बहुतेक गोदीतलेच म्हातारे खलाशी. सगळ्यांचे डोळे त्याच्या हाताकडे लागले. पास्कूने बोट खाली करून हळूहळू फिरवलं, तशी तिरडी इंचाइंचाने उतरली. मूठ वळली, तशी थांबली. भाऊजी धक्का न लागता अंगणात आले. स्मशानातून परतल्यावर पास्कू माझ्याशी बोलला. “आमी त्याला हसलो न्हाय, बाय. येकदा हसलो असतो, तं त्यो पन हसला असता. तितंच चुकला आमचा.”

परवा आक्काकडे गेले होते. मी चहा ओतत होते, ती कुठेतरी बघत होती. कप भरत आला आणि तिने नकळत मूठ दाखवली. मी किटली खाली ठेवली. काय झालं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, “आक्का, भाऊजी उतरले तरी तो ढोलवाला काय बडवत होता गं!” आक्का एकदम हसायला लागली. मीही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत दोघी हसलो. मग ती पदराने तोंड पुसत म्हणाली, “हे त्यांच्यासमोर का नाही गं बोललीस?” मी कप तिच्यापुढे सरकवला. समोर खुंटीला त्यांची पँट अजून टांगलेली आहे. उजवा खिसा ओघळून मुठीएवढा फुगीर राहिलाय, धुतला तरी बसत नाही, असं आक्का सांगत होती.