वास गेला की पळायचं

सांडपाण्याच्या पंपघरात त्याला सगळे नाकोबा म्हणायचे. एक तर नाक लांबलचक, आणि दुसरं म्हणजे ते मालकाच्या आधी कामावर हजर व्हायचं. पुलाच्या पलीकडे असतानाच हा सांगायचा, आज रंगाच्या कारखान्याने सोडलंय, आज डेअरीने. म्हणायचं म्हणून नदी म्हणायचं, नाहीतर शहराची सगळी घाण पोटात घेऊन वाहणारं ते काळंकुट्ट गटारच होतं. पुलावरून जाताना शहाणी माणसं बोलणं तोडून, नाक दाबून भराभरा चालायची. नाकोबा मात्र तिथेच उभं राहून डबा खायचा.

गटाराच्या कामात नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला एकच गोष्ट शिकवतात. वास येतोय तर सावध राहा, आणि वास एकदम गेला तर पळ. ऐकणाऱ्याला हे उलटंच वाटतं. पण गटाराच्या पोटात सडक्या अंड्यांच्या वासाचा जो गॅस साठतो, तो फार झाला की आधी नाक मारतो आणि मग माणूस. नाकोबाला हे शिकवलं ते त्याच्या थोरल्या भावाने.

आणि पळता आलं नाही ते भावालाच. तो चेंबरमध्ये उतरला होता, नाकोबा वर दोर धरून उभा होता. खालून भावाचा आवाज आला, "वास गेला रे." बस, पुढे काही नाही. दोर ओढून ओढून नाकोबाच्या तळहातांची सालटी निघाली, पण वर आलं ते नुसतं शरीर.

घरी वहिनीने मांडीवरच्या लेकीला थोपटत विचारलं, "शेवटचं काय म्हणाले?" त्याने सांगितलं. खोटं बोलायचं सुचलंच नाही बिचाऱ्याला. मग त्या तान्ह्या पोरीकडे बघत म्हणाला, "वहिनी, हिला त्या नदीच्या वाऱ्यालासुद्धा उभं करणार नाही." तेव्हापासून ‘वास गेला’ हे दोन शब्द त्या घरात कुणी उच्चारले नाहीत. दूध करपलं, खिडक्या उघडल्या, थोड्या वेळाने सगळं ठीक झालं, की वहिनी म्हणायची, "चला, घर मोकळं झालं." पाहुण्यांना वाटायचं, आपल्याला जायला सांगतेय.

आणि एवढं करून पोरगी शिकली, मोठी झाली, आणि नोकरीला कुठे लागली म्हणता? नदीवरच! शहराने नदी साफ करायला काढली होती, तिथे पाण्याची तपासणी करायला. वहिनीने नाकोबाशी बोलणं टाकलं, जणू यानेच पोरीला ढकललं. हा बापडा म्हणे, "मी काय करू? बापावर गेलीय, ऐकते कुणाचं?" शेवटी एके सकाळी डबा हातात देताना वहिनी म्हणाली, "भावोजी, तुमचं नाक तिच्यावर ठेवा." त्या दिवसापासून पुतणी काठावर उतरली की हा वर उभा. पुतणी वैतागायची, पण याने हलायचं नाव घेतलं नाही.

नदी साफ होईल यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. एकेक नाला अडवायचा, रस्ते उकरून मोठाले नळ पुरायचे, नाल्याचं पाणी शहराबाहेर शुद्धीकरण केंद्रात न्यायचं. कारखान्यांच्या मागे लागायचं, वर्षानुवर्षांचा गाळ उपसायचा. लोक खड्ड्यांना शिव्या देत होते आणि नाकोबा त्यांना साथ देत होता. मधले काही महिने त्याची बदली त्या केंद्रावरच झाली. शहराचे सगळे नाले आता तिथे यायचे, त्यामुळे नाकाला सुटी अशी नव्हतीच. शेवटचा नाला वळवल्याचं तिथे त्याच्या कानावर आलं होतं. पण असल्या बातम्या तो या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचा.

बदली संपून परत आला त्या सकाळी पुतणी डबा विसरून गेली होती. तो घेऊन हा काठावर पोचला. सर्दीसारखं वाटत होतं म्हणून घरापासूनच नाकाला रुमाल लावलेला. पुतणी खाली, शेवटच्या नाल्याच्या तोंडाशी, दोन उंच भिंतींच्या कोपऱ्यात वाकून बाटल्या भरत होती. सगळ्या नदीत याहून वाईट जागा नव्हती. अर्ध्या पायऱ्या उतरून त्याने सवयीने रुमाल काढला, श्वास घेतला, आणि तिथेच थबकला. रंग नाही, डेअरी नाही, सडकी अंडी नाहीत. नाकात काही म्हणजे काहीच नाही.

पळायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पळालाही, पण वर नाही, खाली. डबा गडगडत गेला. त्याने पुतणीचा दंड धरला आणि तिला फरफटत वर आणलं, बाटल्या तिथेच राहिल्या.

"काका, हात सोडा, दुखतोय. झालं काय?"

ते दोन शब्द याच्या तोंडून तेव्हाही फुटेनात. "नाक मेलंय माझं," तो धापा टाकत म्हणाला. "खाली गॅस आहे."

तिने कमरेचं गॅस मोजायचं यंत्र त्याच्यापुढे धरलं. शून्य.

"बिघडलं असेल."

"नवं आहे, काका."

"नवीच आधी बिघडतात."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. तिने पिशवीतून संत्रं काढलं, सालीत नख खुपसलं आणि त्याच्या नाकाखाली धरलं. तो दरवळ थेट मस्तकात गेला. सर्दीबिर्दी काही नव्हती. नाक ठणठणीत होतं.

नाकोबा मटकन पायरीवर बसला. "मग इथलं सगळं कुठे गेलं?"

"तुमच्याकडेच येत होतं की इतके महिने," ती म्हणाली. "इथे आता काही उरलं नाही."

तो पुन्हा खाली उतरला, या वेळी सावकाश, भिंतीला हात लावत. पाण्यापाशी उकिडवा बसला. खाली दगड दिसत होते. पिवळट, करडे, एक चक्क तांबडा. नदीला तळ असणार हे त्याला कळत होतं, पण इतकं आयुष्य इथे घालवून तो त्याने पाहिला नव्हता. बोटाएवढे मासे त्या दगडांवरून सरकत होते आणि त्यांच्या सावल्या त्यांच्याबरोबर. हे आले कुठून? यांना कुणी कळवलं? त्याने ओंजळ पाण्यात घातली आणि तळहाताच्या रेषा पाण्यातून दिसल्या, तेव्हा त्याला रडू आलं. आपण शिव्या घालत होतो, आणि कुणीतरी खाली नळांत उतरून हे केलं. त्या नळांचं पाणी आपणही केंद्रात साफ करत बसलो होतो, हे तर त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुपारी तो वहिनीला घेऊन आला. काय सांगायचं ते घरी पोचेपर्यंत रस्ताभर जुळवलं होतं. "चला, एक गंमत दाखवतो," एवढंच म्हणाला. वहिनी नाकाला रुमाल लावून पुलावर चढली आणि नेहमीसारखी भराभरा चालू लागली. मध्यावर पोचल्यावर याने तिला थांबवलं. खाली तिची लेक पोटरीभर पाण्यात उभी राहून बाटल्या भरत होती. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने नाकोबाकडे पाहिलं. त्याने मान डोलावली आणि आपल्या नाकाला बोट लावलं.

वहिनीने हळूच रुमाल खाली घेतला. एक श्वास घेतला. मग आणखी एक, मोठा. ती कठडा धरून त्या पाण्याकडे आणि लेकीच्या पायांकडे बघत राहिली.

"भावोजी," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "वास गेला हो."

नाकोबाचे पाय सवयीने पळायला वळले. मग तो थांबला, आणि वहिनीशेजारी कठड्याला टेकून उभा राहिला.