मोझेलकाठचा उंबरठा

यांच्या फोटोपुढे ठेवायला आज द्राक्षं धुतली आणि त्या आंबटगोड वासासरशी साठ सालानंतरचं जर्मनी आठवलं. हे तिथे डॉक्टरेट करत होते. एका रविवारी मोझेल नदीकाठचे द्राक्षमळे चढत आम्ही एका पडक्या किल्ल्याशी पोचलो. मी साडीत, पायांत यांचे लोकरी मोजे. आत शिरताना यांनी वाकून उंबरठ्याला हात लावला आणि कपाळाला नेला, सिंहगडावर करायचे तसंच.

"अहो, हा काय आपला गड आहे?" मी हसले.

"कुणाचा तरी आहेच ना!"

मग मीही वाकले. दगड कोमट लागला. उन्हाने असेल, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, नुकताच यांचा हात तिथे होता.