नादकाटा आणि बावीस नंबर

अंबरनाथच्या आमच्या शाळेत मराठी शिकवायला मी रुजू झाले, त्या दिवशी शिक्षक-खोलीत एक गृहस्थ दातांत लोखंडी काटा धरून, डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, दाढ ठणकत असावी. "लवंग देऊ का?" मी विचारलं. त्यांनी तो दोन पात्यांचा काटा काढला, पुसला, चपलेच्या टाचेवर आपटला आणि माझ्यापुढे धरला. "बाई, याला नादकाटा म्हणतात. दांडा दातांत धरा, मग लवंगेचं बघू." मी कसली धरते! तेच आमचे विज्ञानाचे दत्ताराम भोईर सर. आज त्यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत आणि या गौरव अंकात लिहायचं काम आलं आहे विज्ञानातलं ओ की ठो न कळणाऱ्या माझ्याकडे.

सर बदलापूरजवळच्या भातशेती करणाऱ्या घरातले. बोलणं रोखठोक, शिकवणं अंगमेहनतीचं. ध्वनीचा धडा आला की ते पंधरा मुलं व्हरांड्यात ओळीने उभी करत, प्रत्येकाचे हात पुढच्याच्या खांद्यांवर. शेवटच्याला हलकेच ढकललं की धक्का सरकत सरकत पहिल्यापर्यंत जाई. "कोणी जागा सोडली का? नाही ना? तरी धक्का पोचला! आवाज म्हणजे वारा नव्हे रे, हवेतून गेलेला धक्का आहे." मग बाकाच्या एका टोकाला कान टेकवायचा आणि दुसऱ्या टोकाला नखाने खरवडायचं. मुलं दचकायची. मुख्याध्यापक कुरकुरत, तेव्हा सर म्हणत, "आवाजाचा धडा गप्प बसून कसा शिकवू?"

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत. दहा-बारा वर्षांपूर्वी मी नववी 'ब'ची वर्गशिक्षिका होते. हजेरीत बावीस नंबर मंगल. एखाद्या दिवशी ती 'हजर' म्हणे, एखाद्या दिवशी उत्तर नसे आणि मी मान वर न करताच खाडा मांडे. मी 'विशेषण' म्हटलं तर ती 'वेसण' म्हणाली आणि वर्ग खो खो हसला. मी प्रगतिपुस्तकात लिहिलं, 'लक्ष नाही. उद्धट.' तिची आई येऊन सांगून गेली, "यंदा नापास झाली तर काढून घेते, बाई. उल्हासनगरात पॅकिंगच्या कामाला लावते." मी विचारलं, "तिला ऐकू येतं ना?" "घरी सगळं ऐकते की!" आई म्हणाली, आणि केवढ्या मोठ्याने म्हणाली! मला वाटलं, भांडायलाच आल्या आहेत.

एकदा मी रजेवर असताना माझ्या वर्गाची हजेरी सरांनी घेतली. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तुमची बावीस नंबर एकवीसकडे बघून 'हजर' म्हणते. काल एकवीस आली नव्हती, तर ही समोर बसून गैरहजर!" मी धावत जाऊन हजेरीपट काढला. एकवीसचा जेव्हा जेव्हा खाडा, तेव्हा तेव्हा बावीसचाही. मी त्यांना मिळून दांड्या मारणाऱ्या मैत्रिणी समजत होते.

सरांनी मंगलला आणि मला प्रयोगशाळेत नेलं. नादकाटा टाचेवर आपटून तिच्या कानाजवळ धरला. ती नुसती बघत राहिली. पुन्हा आपटून दांडा तिच्या कानामागच्या हाडावर टेकवला आणि पोरीचे डोळे केवढाले झाले! "सर, गुणगुणतंय! डोक्यात!"

सरांनी नादकाटा पुसून खिशात टाकला. "हाडातून पोचलं, म्हणजे आतला कान शाबूत आहे, बाई. बाहेरची वाट अडली आहे." मग कागदावर काढून मला समजावलं. कोणी 'आई' म्हटलं की हवेचा धक्का कानाच्या पडद्यावर येतो, पडद्यामागची तांदळाच्या दाण्यांएवढी तीन हाडं थरथरतात, पुढे गोगलगाईच्या शंखासारख्या नळीतलं पाणी हलतं, पाण्यात बारीक केस डोलतात, आणि ते डोलणं मेंदूला 'आई' म्हणून कळतं! मी थक्क झाले. हे सगळं जन्मापासून माझ्या डोक्यात चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता.

त्याच संध्याकाळी सर मला घेऊन मंगलच्या घरी गेले. वडील एमआयडीसीत पत्र्याच्या प्रेसवर. त्या धाडधाडीत वर्षानुवर्षं उभं राहून त्यांचे कान मंदावलेले, म्हणून घरात सगळेच ओरडून बोलत. त्या ओरडण्यात मंगलला ऐकू येई, मग शंका येणार कुठून? लहानपणापासून दोन्ही कान वाहायचे आणि आई तेल कोमट करून घालायची. सरांनी कोणाला दोष दिला नाही. "ताई, तेल बंद. उद्या डॉक्टर. आणि नापास झाली तरी एक वर्ष द्या, माझ्या शब्दाखातर." उल्हासनगरच्या कानाच्या डॉक्टरांकडे सर स्वतः सोबत गेले. दोन्ही पडद्यांना भोकं होती. शस्त्रक्रिया झाल्या. मंगल नापास झालीच, पण आईने शब्द पाळला.

पुढच्या वर्षी, असाच एक तास चालू होता. मी फळ्यावर लिहीत होते. मागून मंगलचा आवाज आला, "बाई, खडू वाजतो?"

कोणी हसलं नाही. मी थांबले, मग मुद्दाम सावकाश एक रेघ ओढली. इतकी वर्षं फळ्यावर लिहीत होते, पण तो आवाज मीही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "वाजतो गं," म्हटलं, आणि पुढचं अक्षर काही मला लिहिता येईना.

सर, मंगल आता बदलापुरात कात्रपला बालवाडी चालवते. सत्काराच्या दिवशी ती तुमच्याविषयी दोन शब्द बोलणार आहे. तुम्हाला हल्ली कमी ऐकू येतं, आणि कानाच्या यंत्राचं नाव काढलं की तुम्ही विषय बदलता, हे काय आम्हाला कळत नाही? तुम्हाला उदंड, धडधाकट आयुष्य लाभो, हे आम्हा सगळ्यांचं मागणं आहेच. माझं त्याआधी एक ऐका. त्या दिवशी यंत्र लावून या. ती फार हळू बोलते.